बंदीची यादी फाडून टाका

फाइलचं नाव बदललं की उठते, अशी बंदी घालायचीच कशाला?

विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत एक जुनी सोय आहे. अ‍ॅडमिनने नको असलेल्या प्रोग्रामची नावं एका यादीत लिहायची. त्या नावाची फाइल कुणी उघडली की पडद्यावर मनाईचा संदेश येतो. गेमचं नाव लिहिलं, गेम बंद. कॉलेजच्या लॅबमधला पहिल्या वर्षाचा मुलगा यावर काय करतो? फाइलवर राइट क्लिक, रीनेम, नवं नाव ‘असाइनमेंट’. गेम सुरू. कारण ही पॉलिसी फक्त नाव बघते, फाइलच्या आत काय आहे ते बघतच नाही. त्यातही फाइल एक्सप्लोररमधून उघडली तरच ती आडवी येते. तोच प्रोग्राम कमांड प्रॉम्प्टमधून सुरू केला तर तिला पत्ताही लागत नाही. कमांड प्रॉम्प्टची ही पळवाट मायक्रोसॉफ्टने त्या पॉलिसीच्या माहितीतच लिहून ठेवलीय. तरीही ती पॉलिसी लावली जाते, आणि ‘संगणक सुरक्षित केले’ अशी नोंद होते.

या नोंदीची मला चीड आहे. मुलगा गेम खेळला म्हणून नाही. ज्या वाटेने गेम आत आला त्याच वाटेने उद्या पासवर्ड चोरणारा प्रोग्राम येईल, आणि वाट बंद आहे असं समजून सगळे निर्धास्त असतील.

सामायिक संगणकावर कोणी काय चालवावं याला बंधन हवंच, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तुम्ही एखादा प्रोग्राम सुरू करता तेव्हा त्याला तुमचे सगळे अधिकार मिळतात. तुम्हाला वाचता येणारी प्रत्येक फाइल त्याला वाचता येते, तुम्हाला पुसता येणारी प्रत्येक फाइल त्याला पुसता येते. संगणक घरचा असेल तर नुकसान तुमचं. पतपेढीच्या काउंटरवरचा असेल तर शेकडो ठेवीदारांचं.

ही काळजी संगणक सामायिक झाले तेव्हापासूनची आहे. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१ साली सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एका यंत्रावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागले, प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आले, प्रत्येकाला यंत्राचा वेळ मोजून मिळू लागला. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला चार तास मिळत. त्याच्या कामाला ते पुरत नव्हते. १९६२ साली त्याने काय केलं? पासवर्डची फाइल छापून मिळावी अशी विनंती पंच कार्डावर भरून दिली, आणि यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली. पुढे तो इतरांच्या नावावर काम करत राहिला. पंचवीस वर्षांनी त्याने स्वतःच हे सांगितलं. पासवर्ड होते, वेळेची वाटणी होती. फक्त छापणाऱ्या प्रोग्रामला कोणी विचारलं नव्हतं की, बाबा रे, ही फाइल छापायचा तुला अधिकार आहे का?

यावरचं नेमकं उत्तर १९७५ साली आलं. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक दीर्घ निबंध लिहिला. त्यातली दोन तत्त्वं मला प्रत्येक लॅबच्या भिंतीवर हवी आहेत. पहिलं: ज्याला कामापुरते जेवढे अधिकार लागतात तेवढेच द्या, एकही जास्त नको. दुसरं: अमुक नको असं ठरवण्याऐवजी अमुक हवं असं ठरवा, आणि जे ठरलेलं नाही ते आपोआप बंद राहू द्या. हे दुसरं तत्त्व त्यांचंही नव्हतं. ते १९६५ साली ग्लेझर यांनी सुचवलं होतं असं त्यांनी प्रांजळपणे नमूद केलंय. म्हणजे आपण साठ वर्षं जुनं शहाणपण बाजूला ठेवून अजून नकोच्या याद्या करत बसलो आहोत.

रेल्वेच्या आरक्षित डब्यात टीसी येतो तेव्हा त्याच्या हातात विनातिकीट प्रवाशांची यादी नसते. ती कोणी करूच शकत नाही. त्याच्याकडे आरक्षण असलेल्यांचा तक्ता असतो, आणि तेवढ्यावर काम भागतं.

नकोची यादी कधीच पुरी होत नाही, याला गणिताचाही आधार आहे. फ्रेड कोहेन यांनी १९८४ साली व्हायरसवरच्या निबंधात दाखवून दिलं की, समोरचा कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारा प्रोग्राम लिहिणं अशक्य आहे. अवघड नव्हे, अशक्य. आणि इथे आपण चार गेम आणि दोन ब्राउझर यांची नावं लिहून मोकळे!

यात फक्त विंडोजवाले दोषी आहेत असं कोणी समजू नये. लिनक्सच्या जगात सुडो नावाची सोय आहे. बफेलोच्या विद्यापीठात १९८० च्या सुमारास तयार झालेली ही आज्ञा फार उपयोगी आहे. एखाद्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड न देता त्याच्या अधिकारातली ठरावीक कामं करू देता येतात, आणि कोणी काय चालवलं याची नोंदही राहते. ही यादी नीट लिहिली तर सोनं. पण कंटाळलेला अ‍ॅडमिन काय लिहितो? ‘याला सगळं चालवू द्या, फक्त शेल सोडून.’ मग युजर शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलची दुसऱ्या नावाने नक्कल करतो आणि ती चालवतो. बंदी मूळ नावावर होती, नकलेवर नव्हती. सगळ्यातून काही वजा करायची ही पद्धत कुचकामी आहे असा स्पष्ट इशारा सुडोच्या माहितीपुस्तकातच आहे. तो वाचायला पाच मिनिटं लागतात.

याहून शिकण्यासारखं उदाहरण मर्यादित शेलचं आहे. युनिक्सवर एखाद्याला थोडक्यातच काम करू द्यायचं असेल तर त्याला हा शेल देतात. यात फोल्डर बदलता येत नाही. प्रोग्राम कुठून शोधायचे तो मार्ग बदलता येत नाही. आज्ञेच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, म्हणजे दुसऱ्या फोल्डरमधला प्रोग्राम पत्ता देऊन चालवता येत नाही. उत्तर फाइलमध्ये वळवता येत नाही. वाचताना वाटतं, अगदी जेरबंद. आता या युजरला एखादी फाइल दुरुस्त करायची असते, म्हणून अ‍ॅडमिन त्याला व्हीआय हा एडिटर देतो. व्हीआयमध्ये कोलन दाबून साध्या शेलचा पत्ता हाच आपला शेल म्हणून ठरवायचा आणि मग ‘शेल’ ही आज्ञा द्यायची. एंटर. तो बाहेर आला. एडिटरमधूनच दुसरा प्रोग्राम सुरू करता येतो, ही त्याची उघड, अधिकृत सोय आहे. कुणी फट शोधून काढलेली नाही. फाइल वाचायला दिलेल्या लेस या प्रोग्राममध्येही तीच सोय आहे. तेव्हा एखादा प्रोग्राम यादीत घालताना तो स्वतः आणखी काय सुरू करू शकतो हे तपासलंच पाहिजे. ते तपासलं नाही तर यादीत एक नाव लिहून तुम्ही सगळ्याच प्रोग्रामना परवानगी दिलेली असते.

बरं, हवेची यादी, म्हणजे मंजूर प्रोग्रामची यादी, करायची तर कशी? मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीबरोबर सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी दिल्या आणि पुढे विंडोज ७ मध्ये अ‍ॅपलॉकर आणलं. त्यात प्रोग्राम तीन प्रकारे ओळखता येतो: तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे यावरून, त्यावर कोणत्या प्रकाशकाची डिजिटल सही आहे यावरून, किंवा फाइलच्या हॅशवरून, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरातून गणिताने काढलेल्या ठशावरून. हॅश सगळ्यात पक्का, पण प्रोग्राम अपडेट झाला की ठसा बदलतो आणि नियम नव्याने लिहावा लागतो. सहीचा नियम सांभाळायला सोपा. फोल्डरचा नियम सगळ्यात सोपा आणि म्हणूनच सगळ्यात लोकप्रिय, आणि फसगतही तिथेच होते. अ‍ॅपलॉकरचे तयार नियम विंडोजच्या फोल्डरमधलं सगळं चालू देतात. त्या फोल्डरच्या पोटात ‘टेंप’सारखे काही फोल्डर असे आहेत की तिथे साध्या युजरलाही फाइल ठेवता येते. फाइल तिथे टाकली की ती परवानगीच्या छपराखाली आली.

फोल्डरवरचा नियम लावायचा तर त्यामागचं सूत्र एका दमात सांगता येतं: युजरला जिथे लिहिता येतं तिथून काही चालता कामा नये, आणि जिथून चालतं तिथे युजरला लिहिता येता कामा नये. लिनक्सवर यासाठी ‘नोएक्झेक’ असा पर्याय आहे. युजरच्या घरच्या फोल्डरची डिस्क त्या पर्यायाने जोडली की तिथली फाइल थेट चालत नाही. मात्र पायथॉन चालू ठेवलंत तर पायथॉनला तीच फाइल वाचायला देऊन काम होतं. विंडोजवर पॉवरशेलचं तेच. एक्सेलच्या मॅक्रोचं तर त्याहून वाईट, कारण तो प्रोग्राम कागदपत्राच्या पोटातून येतो आणि एक्सेल प्रत्येक यादीत असतंच. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपणहून बंद ठेवायला मायक्रोसॉफ्टने २०२२ साल उजाडू दिलं. हा उशीर अक्षम्य होता असं माझं मत आहे.

आता हे सगळं कुठे लावायचं? जिथे काम ठरलेलं आहे तिथे, आणि तिथे अजिबात दयामाया नको. एटीएम घ्या. पैसे मोजून देणं, शिल्लक दाखवणं, पावती छापणं. त्या यंत्राला आयुष्यभर दुसरं काही करायचं नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ च्या परिपत्रकात बँकांना वेळापत्रकच आखून दिलं: यूएसबी पोर्ट आणि ऑटोरन बंद करणं वगैरे ऑगस्ट २०१८ पर्यंत, फक्त मंजूर प्रोग्राम चालू देणारी यंत्रणा मार्च २०१९ पर्यंत, आधार संपलेल्या ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं जून २०१९ पर्यंत. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला होता, हे लक्षात घेतलं तर हा आदेश किती आधी यायला हवा होता ते कळतं. ऑगस्ट २०१८ मध्येच पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो घाव एटीएमच्या पेट्यांवर नव्हता, व्यवहार मंजूर करणाऱ्या मधल्या स्विचच्या यंत्रणेवर होता. त्यामुळे एटीएमवरच्या यादीने तो टळला असता असं म्हणणं चूक ठरेल. पण ठरलेलं काम करणारा तो सर्व्हरही याच शिस्तीत बसतो. ऑस्ट्रेलियाच्या सिग्नल्स डायरेक्टोरेटने आपल्याकडे आलेल्या घुसखोरीच्या प्रकरणांवरून चार उपाय सर्वांत वर ठेवले होते आणि ते केले तर अशी किमान ८५ टक्के प्रकरणं टळतील असं सांगितलं होतं. मंजूर प्रोग्रामच चालू देणं हा त्या चारांतला एक. उरलेले तीन म्हणजे अ‍ॅप्लिकेशन अपडेट ठेवणं, ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट ठेवणं आणि अ‍ॅडमिनचे अधिकार मोजक्यांनाच देणं. यातल्या एकासाठीही नवीन यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

यादी करताना त्या खुर्चीवर बसणाऱ्याला विचारलं नाही, तर काय होतं तेही पाहा. एका कार्यालयात मी बघितलं. संगणकावर नवीन काहीही टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड, अ‍ॅडमिन जिल्ह्याच्या गावी, फोन उचलला तर नशीब. टेबलावर आलेलं पत्र जुन्या मराठी फॉन्टमधलं, तो फॉन्ट संगणकावर नाही, टाकायला परवानगी नाही. पडद्यावर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग. कारकून बाईंनी ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली, शिपायाला कोपऱ्यावरच्या डीटीपीच्या दुकानात धाडलं. तासाभराने पत्र छापून आलं. त्या पत्रात लोकांची नावं होती, पत्ते होते, जमिनीचे तपशील होते. ते दुकानाच्या संगणकावरून पुसले की नाहीत हे कोणी विचारलं नाही. पेनड्राइव्ह परत येऊन त्याच ‘सुरक्षित’ संगणकाला लागला. बाईंची यात काय चूक? संध्याकाळपर्यंत पत्र जायला हवं होतं. मराठीत काम चालणाऱ्या कचेरीच्या यादीत मराठी फॉन्ट, मराठी कीबोर्ड आणि जुन्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम नसेल, तर ती यादी करणाऱ्याने त्या कचेरीतलं एक पत्रही उघडून बघितलेलं नाही.

आणि आता कॉलेजं. माझं खरं भांडण इथे आहे.

एटीएमची शिस्त आपण शिकण्याच्या जागेला लावतो. ज्या मुलाने स्वतः प्रोग्राम लिहायचा, त्याने लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही यादीत आधीपासून कसा असेल? काल रात्री जन्मलेल्या फाइलला कोणाची सही असणार? कंपायलर दिला की हवेची यादी तिथेच संपते. म्हणून मग काही ठिकाणी अभ्यासक्रमात छापलेली तेवढीच सॉफ्टवेअर, तीही जुन्या आवृत्तीची, बाकी सगळ्याला कुलूप. पायथॉनची एक लायब्ररी टाकायची तर प्रयोगशाळा सहायकाची सही. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो घरी जाऊन करतो. ज्याच्याकडे नाही, ज्याचा संगणक म्हणजे कॉलेजचीच लॅब, तो राहतो. कुलूप सगळ्यांना सारखं दिसतं, पण अडतं त्याचंच.

वेगळं करता येतं याचा पुरावा पुण्यातच आहे. आयसरमध्ये २०१९ पासून परम ब्रह्म हा महासंगणक आहे. अशा यंत्रावर संशोधक स्वतःचे प्रोग्राम लिहितात, तिथेच कंपाइल करतात, चालवतात. त्याखेरीज त्या यंत्राला अर्थ नाही. मग महासंगणकांवर बंधन कशाला घालतात? प्रोग्रामच्या नावाला नाही, त्याच्या ताकदीला. काम रांगेत टाकायचं, किती प्रोसेसर, किती मेमरी, किती तास हे आधी सांगायचं. मर्यादा ओलांडली की यंत्रणा काम थांबवते. दुसऱ्याच्या फाइलींना हात लागत नाही. अ‍ॅडमिनचे अधिकार कोणाही संशोधकाला नाहीत.

ही पद्धत अभेद्य नाही. २०१४ साली हार्वर्डच्या ओडिसी या संगणक-समूहावर कोणीतरी डोजकॉइन हे आभासी चलन काढत बसलं होतं. पकडलं गेलं, प्रवेश कायमचा गेला. मे २०२० मध्ये एडिनबरोचा आर्चर हा महासंगणक बंद करावा लागला, जर्मनी-स्वित्झर्लंडमधली केंद्रंही बंद झाली. तिथे शिरणारे चोरलेल्या लॉगिनने शिरले होते. त्या प्रकरणात प्रोग्रामची यादी करून काही फार साधलं नसतं. हवी होती लॉगिनची दुहेरी खातरजमा आणि कोण काय चालवतंय यावर जागती नजर. पण उपाय म्हणून संशोधकांना प्रोग्राम लिहायला बंदी करा, असं तिथल्या एकाही शहाण्या माणसाने सुचवलं नाही. सगळ्यांचे पासवर्ड आणि किल्ल्या बदलल्या आणि यंत्रं पुन्हा सुरू केली.

मग आपल्या लॅबमध्येही तसंच करा. मुलांना साधी खाती द्या, अ‍ॅडमिनचं खातं नको. फाइलींच्या जागेला आणि मेमरीला मर्यादा घाला. व्हर्च्युअल मशीन द्या, त्यात मुलगा राजा; मोडली तर मोडू दे, नवीन नक्कल काढायला काही मिनिटं लागतात. रीस्टार्ट केल्यावर संगणक मूळ स्थितीत आणणारी सॉफ्टवेअर सायबर कॅफेवाल्यांनी कधीच वापरून झाली, कॉलेजांना ती का जमू नयेत? आणि परीक्षा विभागाचे, हिशेबाचे संगणक या लॅबच्या नेटवर्कवर ठेवूच नका. ते एटीएमच्या जातीचे. त्यांना पक्की यादी.

मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांचा या सगळ्यालाच विरोध होता. एमआयटीच्या एआय लॅबमध्ये १९८४ साली मूठभरांनी ऑपरेटरचा पासवर्ड बदलून यंत्राचा ताबा आपल्याकडे घेतला, हा प्रसंग त्यांनी ग्नूच्या ‘एसयू’ या आज्ञेच्या माहितीतच लिहून ठेवला, आणि ठरावीक गटालाच अधिकार देणारी सोय त्या आज्ञेत घालायला नकार दिला. बँकेच्या सर्व्हरवर मला त्यांचं म्हणणं मान्य नाही. पण त्यांनी ओळखलेला धोका खरा आहे: यादी करणाऱ्याला जाब विचारणारा कोणी नसेल तर यादी त्याच्या सोयीची होते. स्वतःच्या संगणकावर सगळं खुलं ठेवून इतरांना कुलूप लावणारे अ‍ॅडमिन मी पाहिलेत. नियम त्यांना आधी लागला पाहिजे, कारण सर्वात जास्त नुकसान त्यांच्याच खात्यातून होऊ शकतं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २००० साली एसईलिनक्स जगाला दिलं, अ‍ॅडमिनलाही कामापुरतंच बांधून ठेवणारी कडक व्यवस्था. आणि २०१३ साली त्याच एनएसएचे कागद एडवर्ड स्नोडेनने बाहेर नेले, तो तिथे कंत्राटी सिस्टिम अ‍ॅडमिन होता. त्यानंतर तिथे अ‍ॅडमिनसाठी दोन माणसांचा नियम आला.

नवं शैक्षणिक वर्ष लागण्याआधी लॅब नव्याने लावल्या जातात. लॅब लावणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: ठरलेलं काम करणारे संगणक वेगळे काढा आणि त्यांची हवेची यादी करा, करण्याआधी एक अख्खा दिवस त्या टेबलाशेजारी बसा. शिकण्याचे संगणक यादीतून सोडवा. आणि दोन्हीकडे नव्या प्रोग्रामसाठी अर्जाची एक नोंदवही ठेवा: अर्ज आल्याची तारीख, उत्तर दिल्याची तारीख, उत्तर देणाऱ्याचं नाव. उत्तर कामाच्या दोन दिवसांत. नकार असेल तर कारण त्याच ओळीत लिहायचं, आणि ती वही विद्यार्थ्यांनी मागितली की दाखवायची.